आठ सीट मागे

मी माझ्या मुलीचा पाठलाग केला नाही. मी फक्त त्याच एसटीत, आठ सीट मागे, तोंडावर पदर घेऊन बसले होते.

सुमीचं अठरावं संपलं तसं तिच्या विशेष शाळेतल्या मॅडमनी मला बोलावलं. शाळा सुटल्यावर तिचं पुढे काय, ते ठरवायला. वर्ध्याला कागदी पिशव्या बनवायच्या कार्यशाळेत एक जागा होती. अट एकच. आमच्या आंजीहून तीन दिवस एसटीनं एकटीनं यायचं. नाही जमलं तर जागा दुसऱ्याला, आणि सुमी कायमची घरी.

एकटीनं! जिची वेणी अजून मी घालते (तिला येते, पण भांग वाकडा पडतो), तिला एकटीनं पाठवायचं! सांगणाऱ्याचं काय जातं? पण मला चारचौघांत बोलता येत नाही. घरी येऊन नवऱ्याला बोलले.

"जाऊ दे न तिले," तो म्हणाला. "तू काऊन घाबरून राह्यली?"

त्याला दोन दिवस भाजीत मीठ मिळालं नाही.

पहिल्या दिवशी ओळखू येऊ नये म्हणून मी शेजारणीची साडी नेसले. तिचा चष्माही लावला. त्यामुळे सुमीला मी दिसणार नव्हते आणि मला तर कोणीच दिसत नव्हतं.

कंडक्टर आला. मी हळूच म्हटलं, "वर्धा."

"तुमचं तिकीट झालं, मावशी."

"कोणं काढलं?"

"समोरच्या पोरीनं. म्हणे, मांगं चष्मा लावून बसली ते माही माय हाय, चपलीवरून वळखली. तिले वर्ध्याले उतरवून देजा, तिले समजत नाई."

सगळी एसटी मागे वळून बघायला लागली.

वर्ध्याला सुमीनंच मला हाताला धरून उतरवलं, कारण चष्म्यातून एका पायरीच्या दोन दिसत होत्या. तशीच धरून कार्यशाळेत नेलं. दारात शाळेतल्या मॅडम उभ्या, सुमी एकटी येते का ते बघायला.

"एकटीनं यायचं ठरलं होतं ना?"

माझं डोकंच फिरलं. जन्मात पहिल्यांदा मी लोकांसमोर मोठ्यानं बोलले. "मी सोबत नोहती! आठ सीट मांगं होती!"

मॅडमनी सुमीकडे बघितलं. आता जागा जाते की काय, असं मला वाटलं.

सुमी शांतपणे म्हणाली, "मी एकटीच आली, मॅडम. हिले मी आणली."

मॅडमनी तो दिवस धरला. पण एक अट मलाही घातली, की उरलेले दोन दिवस मी घरी बसायचं.

सुमी तिन्ही दिवस पास झाली. मी मात्र दुसऱ्याच दिवशी नापास. मी एसटीच्या पायरीवर पाय ठेवला, तोच कंडक्टर म्हणाला, "मावशी, आज चष्मा इसरल्या का?"