पंचाचं बोट

आमच्या संघाने चांगला फिरकी गोलंदाज बाहेर बसवला म्हणून मी सकाळपासून टीव्हीसमोर चिडचिड करत होतो. माझं तिथे कोण ऐकतंय? बाबा शेजारी बसून सामना बघत होते. क्लबच्या सामन्यांत तीस वर्षं ते पंच म्हणून उभे राहिले. खुर्चीतसुद्धा तसेच किंचित वाकून बसतात.

चेंडू फलंदाजाच्या पॅडवर आदळला. पडद्यावरच्या पंचाच्या आधी बाबांचं बोट वर गेलं. "सरळ आउट आहे," ते म्हणाले. पंचानेही आउट दिलं. फलंदाजाने रिव्ह्यू मागितला, आणि यंत्राने दाखवलं की चेंडू यष्ट्यांच्या चार बोटं वरून गेला असता.

गेला असता! पॅडवर थांबलेला चेंडू पुढे कुठे गेला असता, हे पूर्वी पंच सांगायचा आणि आपण मानायचो. आता यंत्र सांगतं, आपण तेही मानतो. आपल्या हातात मानण्याखेरीज काही नव्हतंच.

पंचाने दोन्ही हात छातीवरून आडवे नेऊन खांद्यांना लावले, निर्णय मागे घेतल्याची खूण केली.

"निवड चाचणीत डोंगरे म्हणून एका पोराला मी असंच आउट दिलं होतं," बाबा एकदम म्हणाले. "चेंडू असाच उसळलेला. तो बॅट काखेत मारून निघून गेला. पुन्हा कधी खेळायला आला नाही."

"तेव्हा यंत्र कुठे होतं, बाबा?"

"नव्हतं."

त्यांनी हळूच दोन्ही हात आडवे नेऊन आपल्या खांद्यांना लावले. षटक संपलं, तरी ते हात खाली आले नाहीत.