कानटोपीतून ऐकू येणारे पक्षी

नवी मुंबईत थंडी पडते असं म्हणणारा माणूस एक तर तिथं राहत नसतो, नाहीतर तो आमच्या पप्पांसारखा असतो. डिसेंबर उजाडला तरी सगळं नेरूळ अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरायचं, आणि पप्पा मात्र आईनं विणलेली चॉकलेटी कानटोपी भुवयांपर्यंत ओढून बाहेर पडायचे. नगरच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत वाढलेल्या माणसाला इथं कसला गारठा लागतो, असं आम्ही दोघी बहिणी विचारायचो. आई लगेच त्यांच्या बाजूनं उभी राहायची. "टोपी मी विणलीय, घालणारे ते. तुमचं डोकं का दुखतंय?"

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. सीवूड्सच्या बाजूला तेव्हा मॉल नव्हता, तिवरं होती, चिखल होता आणि भरतीचं पाणी अडवायला केलेलं एक मोठं तळं होतं. हिवाळ्यात त्या तळ्यावर लांबलांबून पाहुणे पक्षी उतरायचे. पप्पा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. तिथं त्यांना कुणीही यावं आणि दोन शब्द सुनावून जावं. तळ्याच्या बांधावर मात्र ते साहेब होते. सुट्टीच्या दिवशी ते आम्हाला घेऊन तिथं बसले की गावातले मासे धरणारे एक आजोबा जाता जाता म्हणायचे, "काय बगताव रोज? पानी काय पलून जातंय?" पप्पा हसून टोपी सारखी करायचे.

आमच्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर एकच, आमचं. नाताळाच्या आठवड्यात आई करंज्या आणि शंकरपाळ्या तळायला लागली की समोरच्या साताऱ्याच्या काकू दारात येऊन म्हणायच्या, "आली का तुमची उशिराची दिवाळी?" त्यांचाच दिवाळीतला कंदील आम्ही मागून आणायचो आणि त्याच्यावर पांढरा कागद चिकटवून त्याचा तारा करायचो. उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये असायची. पण आमचा नाताळ त्याच्याही आधी, पहाटे, तळ्यावर सुरू व्हायचा.

त्या पहाटेचा एक नियम होता. दुर्बीण घरी ठेवायची. घरात दुर्बीण एक आणि बहिणी दोन. एका नाताळात आम्ही तिच्यावरून बांधावरच झिंज्या उपटल्या होत्या, तेव्हापासून पप्पांनी हा कायदा केला. "आज डोळे मिटा, कान उघडा. प्रार्थनेला मिटतो तसे." मग आम्ही दोघी पुढं, पाण्याकडं तोंड करून, डोळे गच्च मिटून बसायचो. आई-पप्पा मागच्या दगडावर एकाच शालीत. धुक्यातून एखादा आवाज यायचा, क्षणभर शांतता, आणि मग मागून पप्पांचा जड आवाज: "टिबुकली." पुन्हा काही वेळानं: "खंड्या, छोटा." बारीक, थरथरती शीळ पाण्यावरून सरकत गेली की: "धोबी."

आम्हाला याचं भारी कौतुक होतं. एवढी जाड लोकर कानांवर असून या माणसाला पक्ष्याचा श्वाससुद्धा कळतो! एरवी घरात त्यांना तीनदा हाक मारावी लागायची, टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका मोठा लागायचा. आई वैतागून म्हणायची, "कान आहेत का भोकं? ऐकायचं नसलं की यांना ऐकू येत नाही." आणि आम्ही हसायचो. ती स्वतः तळ्यावर यायची ती केवळ थर्मास आणि विणकाम घेऊन, असंच आम्ही धरून चाललो होतो. पक्षी म्हणजे पिसं आणि घाण, हे तिचं मत सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

पुढं मी कॉलेजसाठी पुण्याला गेले आणि तिथल्या एका पक्षीनिरीक्षकांच्या गटात शिरले. रविवारी सकाळी धरणाच्या पाण्यावर जायचं. पहिल्याच हिवाळ्यात तिथं ती ओळखीची शीळ ऐकू आली, बारीक आणि थरथरती. सगळे गप्प होते. मी ठणकावून म्हटलं, "धोबी!" काही जण हसले. गट चालवणाऱ्या बाईंनी मला दुर्बिणीतून काठावरचा पक्षी दाखवला. शेपूट खालीवर करत होता खरा, धोब्यासारखीच. पण ती तुतारी होती, चिखलात चरणारा वेगळाच पक्षी. "धोबी कुणी शिकवलं?" एकानं विचारलं. मी म्हटलं, "वडिलांनी." त्यावर पुन्हा हशा पिकला. पहिलं हसू मी गिळलं. हे दुसरं गिळवेना.

मी मूळची तापट. चूक म्हणजे चूक, ती करणारा कुणी का असेना. नाताळाला घरी आले तेव्हा मनात एकच होतं, बांधावरच पप्पांना सांगायचं की तुम्ही आम्हाला इतकी वर्षं चुकीचं शिकवलं. घरी पोचल्यावर आईच्या हातच्या करंज्यासुद्धा मला गोड लागल्या नाहीत.

पहाटे आम्ही नेहमीच्या जागी बसलो. धाकटीनं शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. मी मिटले नाहीत. रागच होता तो, दुसरं काही नाही. उलट बांधावर तिरकी बसून मी पप्पांकडं बघत राहिले, त्यांना रंगेहाथ पकडायला.

पाण्यातून खिदळल्यासारखा टिबुकलीचा आवाज आला. पप्पांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. हलली ती शाल. तिच्या कडेतून आईचा हात पप्पांच्या तळहातावर दिसला. तिनं दोन बोटं त्यांच्या तळहातात खाली दाबली, बुडी मारावी तशी. "टिबुकली," पप्पा म्हणाले.

मला आधी काही समजलंच नाही. मग खंड्या ओरडत गेला आणि आईनं त्यांच्या अंगठ्याला बारीक चिमटा काढला. "खंड्या, छोटा." तिचे डोळे मिटलेले होते आणि मान किंचित वाकडी. परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी ती ऐकत होती. आणि पप्पा, ज्यांच्या कानांची आम्ही बिल्डिंगभर फुशारकी मारली, ते तिच्या बोटांकडं सगळं लक्ष लावून बसले होते. पप्पांना पक्षी ऐकूच येत नव्हते. कानटोपी थंडीसाठी नव्हती. ऐकू आलं नाही तर लोकांनी टोपीला दोष द्यावा, म्हणून आईनं ती विणली होती.

तेवढ्यात ती शीळ आली. आईचं एक बोट पप्पांच्या तळहातावर खालीवर हललं, शेपटीसारखं. पप्पा समोर पाण्याकडं बघत होते. त्यांचे डोळे उघडे होते, नि तुतारी पंख खाली वाकवून आमच्या पुढूनच गेली. "धोबी," ते म्हणाले.

"ताई," धाकटीनं डोळे न उघडताच विचारलं, "धोबीच ना? तुला आता सगळे आवाज ओळखता येतात."

आईचा हात शालीत थबकला, तिनं डोळे किलकिले करून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो. धोबीच."

परतताना आई आणि धाकटी पुढं गेल्या. मी पप्पांच्या जवळ सरकून जरा मोठ्यानं म्हटलं, "पप्पा, ती तुतारी होती."

"तुतारीच होती," ते शांतपणे म्हणाले. "पंखावरची पांढरी पट्टी दिसली की मला. डोळे धड आहेत अजून."

"मग?"

त्यांनी टोपी कानांवरून जराशी वर सरकवली. मग म्हणाले, "मशीनच्या आवाजानं कान खाल्ले, बाळा. बारीक आवाज आधी गेले. धोबी गेला, खंड्या गेला, टिबुकली गेली. आता भारद्वाज तेवढा राहिलाय. मी तुझ्या आईला म्हटलं होतं, यंदापासून तळं बंद. पोरींपुढं कशाला शोभा? तर म्हणाली, मी शिकते. तुमच्या शाळा सुटेपर्यंत दुपारी एकटी इथं येऊन बसायची. घरी आली की आवाजाची नक्कल करून दाखवायची, माझ्या कानाशी तोंड लावून. एक आवाज तिचा चुकला. शेपूट हलताना पाहिली असेल आणि वाटलं असेल धोबी. आता तिला चूक म्हटलं ना, की पुढच्या वेळी तिचा हात उठायचा नाही."

"पण आम्ही चुकीचं शिकलो त्याचं काय?" माझा राग अजून पुरता विझला नव्हता.

"तू शिकलीस ना आता बरोबर? झालं तर."

उपासना झाली, जेवणं झाली. दुपारी आई ओट्याशी साताऱ्याच्या काकूंसाठी फराळाचं ताट भरत होती. मी करंज्या काढून देत होते. तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, "सकाळी डोळे उघडे ठेवले होतेस ना?"

मी पुढची करंजी तिच्या हातात दिली.

"पाहिलं मी. मग तुला कळलंच असेल." तिनं एक करंजी ताटात इकडची तिकडं केली. "तुमच्या त्या गटात शिकलेली माणसं असतात. खरं सांग. तो धोबीच होता ना? मला रोज एकच भीती असते. चुकायची मी, आणि हसं व्हायचं त्यांचं."

ते धरणावरचं हसू मला पुन्हा ऐकू आलं. त्याचा जाब विचारायला मी पुण्याहून आले होते.

"धोबीच होता, आई," मी म्हटलं. "अगदी पक्का."

तिनं मोठा श्वास सोडला आणि ताटावर रुमाल टाकला.

"मग आज बाजारातून चॉकलेटी लोकर आणू," ती म्हणाली. "जुनी टोपी फार विरलीय. त्यातून ऐकू येत नाही म्हटलं तर आता कुणाला पटायचं नाही."