तपकिरी पेशी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की "कुत्रं होतं, गाठ होती, मेलं" एवढंच सांगत आलो.

अकोल्याला मी जनावरांचा डॉक्टर होतो. गाठी काढायचो आणि तपासायचोही. पातूरजवळ झेंडू लावणारी एक विधवा बाई एकदा मालवाहू ऑटोतून, फुलांच्या पोत्यांवर बसवून आपला लाल कुत्रा घेऊन आली. त्याच्या मांडीवर सुपारीएवढी गाठ होती. शेजारचे मळे ओस पडले होते. वस्तीवर ती आणि तो, दोघंच.

"याले काई होणार तं नाई ना, साहेब? भाकर माह्याहून जास्त खाते हा मेला."

मी गाठ काढली. सूक्ष्मदर्शकाखाली ती कर्करोगाची, मधल्या दर्जाची निघाली. अशी गाठ परतेल की नाही, ते नुसतं पाहून कळत नाही. त्यासाठीच मी एक नवी चाचणी बसवत होतो. विभाजन होत असलेल्या पेशींत एक प्रथिन असतं. त्यावर रंग चढवला की त्या तपकिरी दिसतात. तपकिरी पेशी जितक्या जास्त तितका धोका मोठा, असा अंदाज होता. या काचपट्टीवर जिकडेतिकडे तपकिरीच होतं.

गाठीभोवतीचा भाग पुन्हा रुंद कापून औषधं सुरू करायला हवी होती. पण मग अंदाज खरा की खोटा, ते कसं कळणार? मला तो कुत्रा तसाच, उपचाराविना हवा होता. बाई टाके काढायला आली तेव्हा म्हणालो, "काळजी करू नका. अधूनमधून दाखवत जा." ती दाखवत राहिली. येताना फुलं आणायची.

हिवाळा सरताना तिचा फोन आला. "साहेब, गेला हो."

"कधी? नक्की दिवस सांगा," मी म्हणालो. अंदाज खरा ठरला म्हणून मला आनंद झाला होता. झेंडूचा वास आला की तो आनंद अजून छातीत हलतो.

त्या वर्षांत वऱ्हाडात माणसं जीव देत होती. कुत्र्याचा जाब मला कोण विचारणार?

निवृत्त झाल्यावर सांगायचंच ठरवून तिच्या मळ्यावर गेलो. तिनं बाज टाकली, चहा केला. फुलं तोडणाऱ्या बायांना म्हणाली, "हे साहेब. याईनं लय केलं आपल्या कुत्र्यासाठी."

"बाई, तेव्हा मी..."

"जाऊ द्या ना साहेब. काहून मनाले लावून घेता? तुमच्या हातात होतं काय ते?"

होतं, एवढं म्हणून माफी मागायची होती. मी कप खाली ठेवला आणि चहा चांगला झाला म्हणालो.