कनवटीची काळी वाळू

गुणाबाईला काळजी करायला निमित्त लागत नसे. ती सोनझारी. सावली गावाच्या अलीकडे वैनगंगेच्या काठी वस्ती, आणि काम म्हणजे नदीची वाळू लाकडी काथवटीत घोळायची आणि तळाशी उरलेल्या काळ्या वाळूतून सोन्याचा कण वेचायचा. कधी कण मिळतो, कधी नुसती कंबर मोडते. अशा बाईने काळजी करायची नाही, तर कुणी करायची?

गेल्या हिवाळ्यात नागभीडची दिव्यानी तिला शोधत आली. कॉलेजात संशोधन करणारी पोर. गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या किनाऱ्यावर तिला मोहरीहून बारीक तांबडे खडे सापडले होते. ते कुठल्या डोंगरातून वाहत आले, हे तिला हुडकायचं होतं. हलकी वाळू कुठलीही असेल, जड वाळू मात्र आपल्या डोंगराची खूण सोडत नाही, असं ती सांगे. जड वाळू वेगळी काढायला गुणाबाईसारखा हात नाही, म्हणून दोघी घाटोघाट हिंडल्या.

वैनगंगेचे घाट गुणाबाईच्या ओळखीचेच. नवं पाणी एकच, वारलूच्या गावचा नाला. वारलू हा गोंड, गुणाबाईच्या जुन्या ओळखीचा. नाला जिथून येतो त्या टेकडीवर त्यांच्या पेनचं, म्हणजे देवाचं ठाणं. त्या नाल्यात परक्याला कुणी उतरू देत नाही. गुणाबाईच्या शब्दावर वारलूने उतरू दिलं.

उन्हाळ्यात दिव्यानी आली ती हरखूनच. तांबडे खडे सापडले होते, आणि सापडले वारलूच्याच नाल्यात. म्हणजे त्यांचं घर ती टेकडी. आता तिचे सर यंत्र आणणार, टेकडीला भोकं पाडून आतला दगड बघणार.

गुणाबाईचा हात कनवटीला गेला. सोनझाऱ्यांची रीत अशी, की नव्या पाण्यात पहिली काथवट घोळताना जुन्या घाटाची चिमूटभर काळी वाळू तिच्यात टाकायची, म्हणजे पाण्याला ओळख पटते. ती चिमूट गुणाबाईच्या कनवटीला कायम असे. त्या दिवशी देवाचं पाणी म्हणून घाबरून तिने जरा जास्तच टाकली होती. आणि तीच काथवट दिव्यानीच्या पिशवीत रिकामी झाली होती. म्हणजे तांबडे खडे टेकडीचे नसून त्या चिमटीतलेच असणार.

सांगून टाकावं, तर दिव्यानी पहिलं विचारणार की चिमूट कुठली. ती होती गुणाबाईच्या आईच्या घाटाची. मरायच्या आधी आईने तो एकदाच दाखवला होता आणि नवऱ्यालाही सांगू नको म्हणाली होती. वाईट वर्षी घरात चूल पेटायची ती त्या घाटाच्या सोन्यावर. लोकांना कळला तर तो राहतोय कशाला! आणि न सांगावं तर टेकडी जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

मूल गावच्या बाजारात वारलू भेटला. भांडला असता तर बरं झालं असतं.

"मशीन येनार म्हनते, गुणाबाई," तो हळूच म्हणाला. "तू त सांगतली होती, निस्ती वाळू पायजे."

तिने तिथूनच नागभीडची गाडी धरली. दिव्यानीच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा उतरत गेला. आधी काऊन नाही सांगितलं, असं तिने विचारलं, तेव्हा गुणाबाई म्हणाली, "जेवाच्या आधी हात धुतो, ते कोनी सांगते का, पोरी?"

दिव्यानी टेकडीचं काम थांबवते म्हणाली. मग तिने तोच प्रश्न विचारला, ज्याची गुणाबाईला भीती होती: चिमूट कुठली?

दुसऱ्या दिवशी गुणाबाई दिव्यानीला घेऊन काट्याकुट्यांतून वैनगंगेच्या एका वळणावर गेली. तिने काथवट घोळली. तळाशी काळ्या वाळूत तांबडे कण चमकले, दोघींनाही दिसले. दिव्यानीने पिशवी भरली, वही काढली आणि जागेचं नाव विचारलं.

"माया मायनं नाव ठेवलंच नाई," गुणाबाई म्हणाली. "नाव ठेवलं की लोकं येतेत. आता तूच ठेव."