लाल गोलातला माणूस

आजच घडलंय, घाईत लिहायले, लिहिण्यात चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

दुपारी अण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन पालमहून एसटीनं गावी येत होते. पुढच्या सीटवरचा माणूस मोबाईलवर प्रचाराचा व्हिडिओ बघायला होता. हिरवे फेटे, उसळलेली गर्दी, अंगावर येणारं संगीत. "हे तुमच्या गावात घुसायच्या आधी जागे व्हा!" आणि एका चेहऱ्याभोवती लाल गोल.

तो चेहरा अण्णांचा होता.

आमच्या गावच्या दर्ग्याच्या उरुसातली संदलाची, म्हणजे चंदनाच्या ताटाची, मिरवणूक होती ती. आम्ही हिंदू, पण संदलाचं ताट डोक्यावर घ्यायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घराचा. व्हिडिओत ताट तेवढं कापलं होतं.

अण्णा हसून म्हणाले, "आरं, ह्यो तर मीच हाय की!"

कुणीच हसलं नाही. त्या माणसानं अण्णांकडं नीट पाहिलं. "तुमी असताल, काका. पण बाकीचे?" असं म्हणत त्यानं व्हिडिओ पुढं पाठवला.

उतरेपर्यंत मी अण्णांचा हात सोडला नाही.

घरी आल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "यंदा ताट घ्यावं का न्हाई गं?" हे त्यांनी कधीच कुणाला विचारलं नव्हतं.

तो व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला असेल. खरं सांगा, माझ्या अण्णांची भीती वाटली का तुम्हाला?