दसऱ्याचा नारळ आणि दहा मिलिमीटर

तुमसरला प्रितमच्या वर्कशॉपात एक जुनी सीएनसी मिलिंग मशीन आहे, कॉम्प्युटरच्या आकड्यांवर लोखंड कापणारी. राईस मिलचे सुटे भाग तिच्यावर निघतात. एकोणीस वर्षं ती चालवली भैय्यालालभाऊंनी. माणूस मोहाडीचा, विणकराच्या घरचा. लोखंडावरूनही बोटं सूत चाचपल्यासारखी फिरतात. मशीनला हात जोडल्याशिवाय बटन दाबायचं नाही, हा त्यांचा नेम.

गेल्या दिवाळीनंतर थंडी पडली आणि मशीन चुकायला लागली. एखाद्या सकाळी लोखंडी पट्टीवरची सगळीच्या सगळी भोकं बाजूला सरकलेली. दुपारी बंद करून पुन्हा चालू केली की बरोबर. नागपूरहून इंजिनिअर आला तोही दुपारी. मशीननं त्याला एकही चूक दाखवली नाही. तरी म्हणाला, "टेबल सरकवणारा स्क्रू झिजला. आता नवीन मिळत नाही."

प्रितमनं भंगारवाल्याला शनिवारी बोलावलं.

"काका, कायले जीव लावून राहिले या डब्याले? तुमच्याआधी तिचीच कंबर गेली."

"माही शाबूत आहे बाबू, तिचीबी असन. शनिवारपर्यंत हात नको लावू."

रोज सकाळी किती चूक आली ते भाऊ खडूनं भिंतीवर लिहीत होते. चार सकाळी मशीन चुकली होती आणि चारही आकडे दहा मिलिमीटर. नऊ नाही, अकरा नाही. गुरुवारी जेवणाचा डबा तसाच ठेवून ते त्या आकड्यांकडे बघत बसले. वडील मागावर सांगायचे, दर वेळी तेवढीच चूक आली तर माग नको तपासू, पहिला धागा कुठून धरला ते बघ.

स्क्रू झिजला असता तर चूक कधी केसभर आली असती, कधी दोन केस. इथे स्क्रूचा एक फेरा म्हणजे टेबल बरोबर दहा मिलिमीटर सरकतं. म्हणजे मशीन चालताना चुकत नव्हती. मोजायलाच एक फेरा सोडून सुरुवात करत होती. सकाळी चालू केली की टेबल कोपऱ्यातल्या एका छोट्या बटनावर जातं, ते दाबून मागे फिरतं, आणि बटन वर आल्यावर स्क्रूचा जो फेरा सुरू होतो तिथून पुढे सगळी मापं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी झाकण काढलं. बटन दाबून सोडलं, ते लगेच वर येईना. कडेला लालसर चिकटा. भाऊंनी तो नखानं खरवडून नाकाशी नेला. कुंकू आणि नारळाचं पाणी! दसऱ्याला मशीनच्या कोपऱ्यावर नारळ त्यांनीच फोडला होता, भक्तीनं, पाणी भरभरून वाहू दिलं होतं. ते वाळून गोंद झालं. थंडीत बटन अडकायचं आणि एक फेरा हुकायचा, दुपारच्या उन्हानं सुटायचं.

पेट्रोलच्या फडक्यानं त्यांनी बटन स्वच्छ केलं. कुणी पाहिलं नव्हतं. रात्री घरी जेवताना बायकोला, कुसुमताईंना, सांगितलं.

"देवाच्या नारळानं मशीन बिघडली म्हणून सांगान? लोक हासतीन ना!" ताई म्हणाल्या.

"नारळानं नाही, माह्या हातानं बिघडली. देवानं कुठं सांगतलं होतं, पाणी आतमंदी सांड म्हणून?"

शनिवारी कडक थंडी होती. दारात भंगाराची गाडी उभी. भाऊंनी मशीन दहा वेळा बंद केली, दहा वेळा चालू केली. मोजायच्या घड्याळाचा काटा दर वेळी शून्यावर. मग सगळं सांगून टाकलं.

प्रितम कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिला. "म्हणजे महिनाभर तुमीच मले नाचवलं?"

"हो. मीच."

"गप राहिले असते तर मी तुमाले साहेब म्हटलं असतं!"

"काकाच म्हण. अन् त्या गाडीवाल्याले चहा पाज, बिचारा रिकामा जाऊन राहिला."

यंदा दसऱ्याला प्रितमनं ताट आणलं, तेव्हा भाऊ मशीनचं झाकण काढून फडक्यानं आतलं बटन पुसत बसले होते.

"काका, पूजा केव्हा सुरू करायची?"

"कधीची सुरू झाली, बाबू. तू नारळ उंबऱ्यावर फोड."