काचेतला खोलगा

लग्न होऊन मी खर्ड्याकडून भिंगारला आले तेव्हा दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. लष्कराच्या छावणीतलं मोडकंतोडकं सामान बाजारात विकायला यायचं. हे शाळेत गणित शिकवायचे. एका रविवारी यांनी बाजारातून दोन जाड गोल काचा आणल्या, वीतभर रुंदीच्या.

"यातून आरसा करायचाय," म्हणाले. "दुर्बिणीचा. शनीची कडी बघू."

"आरसा तर दुकानात मिळंल की."

"तो सपाट असतो. आपल्याला खोलगट हवा, लांबचा उजेड एका जागी गोळा करणारा."

पडवीत दगड भरलेलं लोखंडी पिंप उभं राहिलं. एक काच त्यावर पक्की बसवली. तिच्यावर कुरुंदाची, म्हणजे धार लावायच्या दगडाची, पूड आणि पाणी टाकायचं, दुसरी काच वर ठेवून पुढेमागे घासायची, आणि थोडं घासलं की पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. यांची शाळा सकाळची. दुपारी आम्ही आळीपाळीने फिरायचो.

"दोन्ही सपाट, मग खोल कशी व्हईल?" मी विचारलं.

"वरची पुढे सरकली की तिचा मध्य खालचीच्या कडेवर दाबला जातो. म्हणून वरची मध्ये झिजते, खालची कडेला. एक खोल होते, दुसरी फुगते."

"आमच्या पाट्याला मिरच्या वाटून वाटून खोलगा पडतो, तसंच न्हाई का?"

यांचे हात थांबले. "तसंच," म्हणाले. "आता तुला वेगळं काही सांगायला नको." मी चौथीपर्यंत शिकलेली. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

जाड पुडीवरून बारीक, बारीकवरून आणखी बारीक. शेवटच्या पुडीवर आलो, तेव्हा मी पदराने काच पुसली आणि घासायला घेतली. करकर आवाज आला. पदरात जाड पुडीचा एखादा कण अडकला असणार. काचेवर कडेपासून मध्यापर्यंत ओरखडा उठला.

मी रडायला लागले. यांनी ओरखड्यावरून नख फिरवलं आणि मधल्या पुडीची बरणी पुन्हा खाली काढली.

"तुमी रागावला न्हाई?"

"रागावून ओरखडा जातो का? चल, पाणी आण."

तो सगळा पावसाळा त्यात गेला. पुढे डांबराच्या थरावर तांबडी पूड लावून, त्यावर काच घासून चकाकी आणली. मग भर दुपारी खोलीच्या खिडक्या बंद करून काच भिंतीशी उभी केली. कंदिलावर बारीक भोक पाडलेला डबा घातला. काचेवरून परतणारा उजेड जिथे जमायचा, तिथे हे दाढीचं पातं सरकवायचे आणि मागून डोळा लावायचे. उंचसखल असेल तिथे काचेवर सावली दिसे.

एकदा म्हणाले, "अंगठा टेकव काचेवर. आता काढ, आणि इकडे येऊन बघ."

मी डोळा लावला. काचेवर टेकडी उभी होती, एका बाजूने उजळ, दुसऱ्या बाजूने काळी.

"ह्ये काय?"

"तुझ्या अंगठ्याची ऊब. तेवढ्यानं काच फुगली."

टेकडी बसेपर्यंत मी पात्यापासून हलले नाही. हे शेजारी उकिडवे बसून होते. माझी टेकडी संपू नये असं वाटत होतं.

नुसता गोलावा पुरत नाही, कडेचा आणि मधला उजेड वेगवेगळ्या जागी जमतो, म्हणून मध्ये किंचित आणखी खोल करायला आठवडा लागला. शेवटी नगरच्या आरसेवाल्याने चांदी चढवली. थंडीतल्या एका संध्याकाळी पत्र्याच्या नळीतून आम्ही शनी पाहिला.

"लई बारीक हाय," मी म्हणाले, "पण कडी सुटी दिसती."

हे हसले. "झालं की गं. आता दुपारी काय करायचं?"

"दुसरा करू. मोठा."

"करू."

पण राहुरीला बदली झाली, पिंप मागेच राहिलं. मोठ्या काचा मिळाल्या नाहीत. दोनेक वर्षांत यांना ताप आला आणि तो उतरलाच नाही.

पुढे शाळेतले एक मास्तर दुर्बीण मागायला आले. मी दिली. त्यांनी विचारलं, "आरसा मास्तरांनी घरीच केला होता ना?"

"आमी दोघांनी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि कागदावर यांचं एकट्याचं नाव लिहिलं. मी त्यांना थांबवलं नाही. सायकलला नळी बांधून ते गेले, तेव्हा ऊन नुकतं कलायला लागलं होतं, आणि माझ्यापुढे अख्खी दुपार पडली होती.